डिंभ्याच्या रेल्वेच्या बारा फटी

सन एकोणीसशे नव्व्याण्णव. माघ महिन्याचा शेवटचा आठवडा. नारायणगावात द्राक्षांची तोडणी ऐन भरात होती आणि डिंभ्याच्या बाजूला सकाळच्या शेकोट्या अजून विझल्या नव्हत्या. त्या आठवड्यात मी एका दुपारी एका रेल्वेचे सहा अपघात घडवून आणले.

हसू नका. माणूस कुणी दगावलं नाही. रेल्वे फळीवरची होती, टीचभर उंचीची. पण तिला खेळणं म्हणालात तर ती ज्याची होती तो माणूस तुम्हाला दारातूनच वाटेला लावील. बरोबर करील.

माझं म्हणाल तर नारायणगावात नाक्यावर इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण विहिरीत उतरून झालं. आता काम सोडलं, पण तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो आणि तालुक्यात माझ्याइतका जाणता मिस्त्री नाही असं लोक म्हणत. मी ते खोडून काढत नसे. माझ्या हातून गेलेला पंप गळत नाही, एवढंच मी सांगायचो. जिथं दोन भाग मिळतात तिथं फट राहता कामा नये. हे माझं अख्खं शास्त्र.

याच शास्त्रानं माझं नाक कापलं. कसं, ते सांगतो.

गायकवाड भाऊ मूळचे डिंभ्याचे. विहाराच्या मागं त्यांचं घर. एकतीस वर्षं दौंडला रेल्वेत सांधेवाले होते. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा. तिथं रुळाची एक टोकदार पट्टी इकडून तिकडं सरकते, तिला ते जीभ म्हणत. सांधेवाल्यानं ती वेळेवर आणि नीट बसवली तर गाडी सरळ जाते, नाहीतर घसरते. एकतीस वर्षांत भाऊंच्या हातून गाडी घसरली नाही. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा लोकांनी विचारलं, काय आणलं? भाऊंनी पत्र्याची एक पेटी दाखवली. कुणा साहेबाची बदली होताना त्याच्या पोरांचं जुनं सामान निघालं, त्यातलं एक लहान इंजिन आणि पाच डबे.

बाकी सगळं त्यांनी हातानं केलं. पडवीत सागाच्या फळ्या टाकल्या, बांबूच्या कामट्या आडव्या लावल्या, वर पितळेच्या पट्ट्या घासून रूळ केले. मोटारसायकलच्या बॅटरीवर इंजिन चालायचं.

आता ऐका. आपल्या जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. आमच्या बापजाद्यांनी रूळ पाहिला तो पुण्याला गेल्यावर. भाऊंनी ती उणीव पडवीत भरून काढली. पहिलं स्टेशन डिंभे. मग घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळे आणि शेवटी आणे. प्रत्येक स्टेशनावर पिवळी पाटी, काळी अक्षरं, आणि प्रत्येक स्टेशनात एक सांधा. आण्याचं पठार दाखवायला त्यांनी खाली विटा लावून फळी चढती केली होती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नारायणगाव स्टेशनासमोर काड्यापेटीएवढं एक पत्र्याचं दुकान दिसलं.

"हे कुनाचं?" मी विचारलं.

"तुजंच की. नाक्यावर दुसरं कुनाचं असनार?"

परत येताना एसटीत मला ते दुकान सारखं आठवत होतं.

तर त्या माघात भाऊंचा निरोप आला. नारायणगावच्या सांध्यावर दहातून एकदा शेवटचा डबा पडतो. जिभेचं टोक बोथट झालंय. त्यांच्या डोळ्यांना दिसेना, हात थरथरतो. मी येऊन घासून द्यावं. आणि शनिवारीच यावं, कारण शनिवारी दुपारी डिसूझा साहेब येणार होते.

डिसूझा साहेब कोण, ते सांगायला हवं. भाऊ नोकरीत नवे असताना त्यांच्या सांध्यावर मालगाडीचा एक डबा घसरला होता. मघाशी मी म्हणालो की एकतीस वर्षांत घसरली नाही, ते साहेबांमुळे. सगळ्यांनी भाऊंच्या नावानं बोट दाखवलं. नोकरी जाणारच होती. तेव्हा हे साहेब पँट मळवून खडीवर गुडघे टेकून बसले, एकेक माप घेतलं, आणि डब्याचं चाकच वाकडं होतं हे शोधून काढलं. भाऊंची भाकरी वाचली. त्या साहेबांना आता सत्तरी लागली होती. भाऊंनी त्यांना पत्र लिहिलं होतं, एकदा या आणि माझ्या सांध्यांवरून गाडी जाताना बघा. बारा फेऱ्या, एकदाही पडणार नाही.

बास, एवढीच गोष्ट होती. ज्यानं विश्वास टाकला त्याला एकदा डोळ्यांनी दाखवायचं.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी डिंभ्याला उतरलो. भाऊ स्टँडवरच उभे होते. पाहुणे मंचरपर्यंत पुण्याच्या गाडीनं येणार, तिथून त्यांना घेऊन यायचं म्हणून त्याच एसटीनं निघाले होते. इस्त्रीचा निळा सदरा, पायात बूट.

"मिस्त्री, फकस्त जिभेचं टोक. बाकी कशाला हात लावू नगंस."

"मला सांगताय व्हय?" मी म्हणालो. "इंजनं उघडतो मी रोज."

"म्हनून तर सांगतुया."

इंजिन आणि डबे ते पेटीत कुलपात ठेवत. किल्ली त्यांच्या करगोट्याला. एसटी गेली, किल्लीही गेली. हे लक्षात ठेवा.

काम अर्ध्या तासाचं होतं. बारीक कानस घेतली, जिभेचं टोक तासून सुरीच्या पात्यासारखं केलं. रुळाला टेकवलं तर नख अडकेना. वहिनींनी चहा दिला. दुपारी बाराच्या एसटीनं मी परत जाणार होतो. दुकानात बबन वाघचा फवारणीचा ब्लोअर उघडून ठेवलेला होता.

बारा वाजले. एसटी नाही. एक वाजला. नाही. स्टँडवर एक म्हातारा मासळीची पाटी घेऊन बसला होता.

"पावनं, बाराची चारला येती," तो म्हणाला. "कंदीमंदी येतच न्हाई. मंग ती उद्याची म्हनायची."

ती गाडी वेळेवर आली असती तर मी आज ताठ मानेनं फिरलो असतो. मी परत घरी आलो. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. जेवलो. आणि मग काय करणार? रिकामा मिस्त्री म्हणजे मोकाट वळू. पडवीत बसून रेल्वे बघत राहिलो.

आणि मला ती फट दिसली.

सांध्यात दोन रूळ एकमेकांना कापून जातात, तिथं फुली होते. त्या फुलीजवळ रूळ सलग नव्हता. मधेच तुटलेला, दोन्ही अंगांना रेघेएवढी फट. मी दुसरा सांधा पाहिला. तिथंही दोन फटी. सहा सांधे, बारा फटी. मला भाऊंची कीव आली. बिचाऱ्याचा हात थरथरतो, पट्ट्या नीट मिळवता आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या फटीवरून चाक जाणार म्हणजे आदळणारच. डबा पडतो तो इथं पडतो. जिभेचं निमित्त.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री, रेल्वे कधी पाहिली नव्हती का? पाहिली होती. लांबून. पुण्याच्या पुलावरून. आत बसलो मात्र कधीच नव्हतो. छप्पन्न वर्षांत गरजच पडली नाही. सगळीकडं एसटी जाते. आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिनाचा मिस्त्री आणि रेल्वेत बसलेला नाही, हे कुठं बोलायचं?

माझं झाळकामाचं, म्हणजे कथलाचा डाग द्यायचं, हत्यार जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या डोक्याचं. निखाऱ्यात तापवायचं आणि चालवायचं. मी वहिनींकडं चुलीतले निखारे मागितले.

"भावजी, ह्यांनी एकाच सांध्याचं सांगितलं व्हतं नव्हं?"

"वहिनी, दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलं आन डॉक्टरला छातीत दुखनं दिसलं, तर त्यानं गप बसायचं का?"

"तुमी जानकार," वहिनी म्हणाल्या आणि घमेल्यात निखारे आणून दिले.

मी अडीच तास काम केलं. कथील वितळवून एकेक फट भरली, वरून कानस मारली, मग बारीक पॉलिश कागद. शेवटी राख लावून फडक्यानं पुसलं. बोट फिरवलं तर कळेना फट कुठं होती. आयुष्यात मी पुष्कळ काम केलं, पण एवढं सफाईचं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, पुढंही झालं नाही. एखादा डबा ढकलून बघावा असं मनात आलं. पण डबे पेटीत, आणि किल्ली मंचरला. म्हटलं, बघायचंय काय त्यात?

चार वाजता बाराची एसटी आली. तिच्यातून भाऊ उतरले, मागून डिसूझा साहेब आणि दौंडचे दोन जुने सोबती. साहेब उंच, वाकलेले, हातात छत्री. तीच एसटी पाच वाजता परत मंचरला जाणार होती, म्हणून वेळ थोडा होता. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं का टोक?"

"टोकबी झालं आन बाकीबी झालं. तुमी फकस्त बघा."

भाऊंच्या कपाळाला एक आठी पडली. पण साहेब पडवीत जाऊन उभे राहिले होते. स्टेशनांच्या पाट्या वाचत होते. "डिंभे जंक्शन," ते म्हणाले. "अरे गायकवाड, तू तो जीएम हो गया." सोबती हसले. भाऊंचा चेहरा असा फुलला की त्यांना मला आणखी काही विचारायचं सुचलंच नाही.

पेटी उघडली. इंजिन डिंभ्याला लावलं. मागं पाच डबे. भाऊंनी बॅटरीची तार जोडली, खिशातून हिरवा रुमाल काढून हलवला. गाडी निघाली. काय डौलात निघाली, सांगतो. वहिनीसुद्धा पदर खोचून दारात आल्या.

घोडेगाव आलं. इंजिन फुलीवर चढलं, ठेच लागल्यासारखं उडालं आणि आडवं झालं.

"होतं असं," भाऊ म्हणाले. उचलून पुन्हा ठेवलं. मंचरला पुन्हा आडवं. या खेपेला दोन डबे घेऊन. नारायणगावला, माझ्या स्वतःच्या दुकानासमोर, अख्खी गाडी झोपली. आळ्याला तेच, आण्याला तेच. भाऊंनी गाडी उचलून डिंभ्याजवळ ठेवली आणि उलटी घेतली, तर डिंभ्याच्या सांध्यानं शेवटची कसर भरून काढली. सहाच्या सहा. एकही चुकला नाही. मी म्हणालो होतो ना, माझं काम एकसारखं असतं.

भाऊंच्या हातातला रुमाल तसाच होता. एक सोबती हळूच म्हणाला, "गायकवाड, एक फेरी तरी करायची रे."

साहेबांनी चष्मा पुसला. छत्री भिंतीला टेकवली आणि सत्तरीचा तो माणूस शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला. घोडेगावच्या फुलीवर नख फिरवलं. मग मंचरच्या. मग सगळ्या.

"ये फट किसने भरी?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वरच्या खिशात कानस होती, बोटांना राख होती. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. एक श्वास घेतला असता तर पुरलं असतं. पण मनात आलं, या रेल्वेच्या लोकांसमोर, या नारायणगावच्या मिस्त्रीनं, कसं?

तेवढ्यात भाऊ बोलले.

"मीच भरली, साहेब. डोळं गेलं. वाटलं, मोकळी ऱ्हायली."

"तूने?" साहेब उठले. "एकतीस साल तूने सांधा सांभाळा. और फट भर दी?"

"म्हातारपन, साहेब."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त थोपटलं, आजाऱ्याला थोपटतात तसं.

पाचच्या एसटीनं पाहुणे निघाले. माझीही तीच गाडी. जागा कुठं मिळावी? साहेबांच्या शेजारी. घोडेगाव येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग मला म्हणाले, "तुम्ही त्याचे दोस्त ना? लक्ष ठेवा त्याच्यावर. फट भरली म्हणजे काय, माहीत आहे? चाकाला आतल्या अंगानं एक कड असते. ती कड त्या फटीतून जाते. फट भरली की चाक जाणार कुठून? हे तो झोपेत सुद्धा विसरला नसता. बेचारा. डोकं गेलं त्याचं."

मी मान हलवली. मंचरला उतरून मी नारायणगावची जीप धरली. ती सगळी वाट मी मान हलवतच आलो असेन, कारण मानेला रग लागली होती.

डिंभ्याची एसटी वेळेवर येत नाही, बातमी मात्र येते. सोमवारी बबन वाघ ब्लोअर न्यायला आला.

"मिस्त्री, डिंभ्याच्या म्हाताऱ्यानं सोताच्या रेल्वेच्या फटी बुजवल्या म्हनं. साहेबासमोर लई फजिती झाली."

"कोन म्हनलं?"

"समदी एसटी म्हनतीया. तुमी तिथं व्हता म्हनं. मंग जरा शिकवायचं न्हाई का त्याला? तुमी एवढं जानकार."

मी ब्लोअरचा नट एवढा आवळला की आटे गेले. तो नट मी बदलून दिला. पैसे घेतले नाहीत. बबनला वाटलं, मिस्त्रीला देव दिसला.

पुढच्या रविवारी मी डिंभ्याला गेलो. सोबत हत्यारांची पिशवी. वाटेत बोलायचं ठरवून गेलो होतो. भाऊ ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मला बघून म्हणाले, "ये मिस्त्री. चहा घे."

चहा घेतला. दुसरा घेतला. मग मी विचारलं, "भाऊ, माजं नाव का न्हाई घेतलं?"

भाऊंनी सुई थांबवली नाही. "तुजं दुकान नाक्यावर हाय. तुज्या हातावर भरवसा ठिवून लोक इंजन टाकत्यात. माजं काय? पेन्शन हाय ती येतीच."

"पर साहेब तुमाला येडं समजतात."

सुई थांबली. "समजू देत," ते म्हणाले, पण जरा उशिरानं म्हणाले. आणि मग, "पत्र टाकलं व्हतं त्यांना. उत्तर आलं न्हाई. कदी असं व्हत न्हाई."

एवढंच. मी पडवीत गेलो आणि बारा फटी उघडायला बसलो.

भरायला अडीच तास लागले होते. उघडायला चार रविवार. कथील ओरबाडून काढायचं, पण पितळेला ओरखडा पडू द्यायचा नाही. आणि फट किती मोकळी करायची? केसाएवढी जास्त झाली की चाक आत घसरतं, कमी झाली की वर चढतं. भाऊंनी माझ्या पिशवीतून हॅकसॉची दोन पाती काढली, एकाला एक चिकटवून धरली.

"ही दोनी मिळून फटीत जायला पायजेत. घट न्हाई, सैल न्हाई. तिसरं पातं जाता कामा नये."

छप्पन्न वर्षांचा मी, आणि मला कुणी फट कशी ठेवायची ते शिकवत होतं. दोन पाती, बारा फटी. मग प्रत्येक डब्याची चाकं पाहिली. एका डब्याची चाकं आतून जरा जवळ आली होती. तोच तो दहातून एकदा पडणारा. ती बाहेर ओढून बाकीच्यांइतकी केली. मग एकेक डबा बोटानं ढकलायचा, मुंगीच्या चालीनं.

"उलटा ढकल," भाऊ म्हणायचे. "सुलटी कुनीबी जातंय. खोट उलट्या चालीत कळती."

शंभर वेळा सुलटा, शंभर वेळा उलटा. प्रत्येक सांध्यावर. वहिनी एकदा म्हणाल्या, "भावजी, तुमी ह्या बोटानं गाडी आन्याला न्हेली आसती एवढ्यात." चौथ्या रविवारी बॅटरी लावली. गाडी डिंभ्याहून आण्याला गेली, परत आली. बारा फेऱ्या. मी मोजल्या. भाऊंनी नाही मोजल्या. ते पाठमोरे बसून फक्त आवाज ऐकत होते. सांधा आला की खट्, खट्. प्रत्येक वेळी त्यांची मान हलकीच डुलायची.

"झ्याक," ते म्हणाले. पण हिरवा रुमाल त्यांनी काढला नाही. दाखवायचं होतं तो माणूस तिथं नव्हता.

मी म्हणालो, साहेबांना पुन्हा बोलवा. भाऊ म्हणाले, "कसं बोलावू? येड्याच्या घरी कोन दोनदा येतं?"

त्या दिवशी मला कळलं की मी भाऊंचं किती देणं लागतो. गाडी दुरुस्त करून ते फिटणार नव्हतं.

मी दुकानात बसून स्वतः एक सांधा केला. हातभर फळी, पितळेच्या पट्ट्या, जीभ, फुली, दोन फटी. दोन पात्यांनी मापून. भाऊंकडून एक डबा मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. साहेबांचा पत्ता तेवढा घेतला. सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिंध्या घालून भरलं आणि वैशाखात, ऐन उन्हात, नारायणगावहून पुण्याला गेलो. पुण्याहून दौंड. एसटी जात होती. पण मी रेल्वेचं तिकीट काढलं.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "कुठली गाडी?"

"दौंडला जाईल ती."

"पॅसेंजर का एक्स्प्रेस?"

"न पडनारी."

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि तिकीट दिलं.

गाडीला वेळ होता. मी फलाटाच्या पार टोकाला गेलो, जिथं रूळ एकमेकांना कापतात. वाकून पाहिलं. ती होती. फट. माझा हात आत गेला असता एवढी, स्वच्छ, घासून चकचकीत झालेली. रोज हजारो चाकं तिच्यातून जात होती आणि कुणाला ती बुजवावीशी वाटली नव्हती. रेल्वेचा एक शिपाई धावत आला.

"ओ काका, काय हरवलं?"

"काय न्हाई. फट बघतोय."

"मागं व्हा. फट बघतोय म्हणे."

गाडीत बसलो. छप्पन्नाव्या वर्षी. खिडकीची जागा मिळाली. गाडी स्टेशनातून निघाली आणि खालून खट्, खट् आवाज आला. डिंभ्याच्या पडवीतला आवाज, फक्त मोठा. माझी मान आपोआप डुलली. समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. तिला वाटलं असेल, म्हातारा झिंगलाय.

साहेबांचं घर स्टेशनाच्या मागंच होतं. ते ओसरीत पेपर वाचत होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी रामराम केला, बसलो नाही. त्यांच्या टेबलावर फळी ठेवली, डबा रुळावर ठेवला आणि बोटानं ढकलला. सुलटा. मग उलटा. मग जीभ सरकवून दुसऱ्या रुळावर. साहेब चष्मा लावून बघत होते.

"हा मी केलाय," मी म्हणालो. "आन त्या बारा फटी बी मीच भरल्या व्हत्या. गायकवाड भाऊंनी न्हाई. ते घरी नव्हते. त्यांनी मला हात लावू नगंस म्हनून सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. आन त्या दिवशी मी गप बसलो."

एका दमात झालं. विहिरीत उतरताना दम धरतो तसा धरला होता.

साहेबांनी डबा उचलून चाकं पाहिली, परत ठेवला. "तरीच," म्हणाले. "मी घरी येऊन विचार करत होतो. गायकवाडचा हात थरथरतो. एवढं साफ काम त्यानं केलं कसं? इतकी सुंदर बुजवलेली फट मी आयुष्यात पाहिली नव्हती." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "गाडीनं आलात?"

"व्हय."

"पहिल्यांदा?"

मी फळीकडं बघत राहिलो. तेवढ्यावरून साहेब समजले. साहेबांनी खणातून पोस्टकार्ड काढलं, पेन झटकलं आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं.

"गायकवाड यांस. तुमच्या सहा सांध्यांची चौकशी आज पूर्ण केली. तुमचा काही दोष नाही. गाडी घसरण्याचं कारण: दुरुस्ती करणारा इसम जन्मात पहिल्यांदा रेल्वेत बसला, तो गाडी घसरल्यावर तीन महिन्यांनी. पुढच्या महिन्यात येतो. बारा फेऱ्या तयार ठेवा."

कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "इसमाची सही पाहिजे."

मी सही केली. चौथीतल्या अक्षरात, पण पूर्ण नाव लिहिलं. कार्ड घेऊन परत स्टेशनावर आलो आणि तिथल्या टपालपेटीत टाकलं.